गोधडीची मागची बाजू

कलासमीक्षेत हल्ली गोधडीला 'स्मृतीचं वस्त्र' म्हणायची पद्धत पडली आहे. आम्हाला हा शब्द अपुरा वाटतो. पेण-रोह्याकडच्या घरांत आठवण जपायची म्हणून कोणी गोधडी शिवायला बसत नाही. पांघरूण लागतं आणि जुनं लुगडं टाकवत नाही, म्हणून ती शिवली जाते. आठवण मागाहून येते.

आता ती होते कशी, ते बघा. विरलेलं नऊवारी खाली अंथरायचं, मधे धोतराचे, सदऱ्याचे तुकडे, वर त्यातल्या त्यात बरं लुगडं. दोघी-तिघी भोवती बसतात आणि कडेपासून धावदोरा घालत आत सरकतात. हात बदलला की टाक्याची लांबी बदलते. एकीचा बारीक, दुसरीचा ऐसपैस. गोधडी उलटी केली की हे चटकन दिसतं. प्रदर्शनात मात्र नेमकी तीच बाजू भिंतीकडे!

हाना आरेंट यांनी 1958 सालच्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये श्रम आणि निर्मिती यांत भेद केला. श्रमाचं फळ वापरात संपतं, निर्मिती मागे उरते. भाकरी एकीकडे, टेबल दुसरीकडे. मग गोधडी कुठे ठेवायची? ती वापरून झिजते, आणि झिजली की नव्या गोधडीच्या पोटात जाते. आरेंटबाईंच्या मांडणीत तिला जागा सापडत नाही, कारण घरातली डागडुजी त्यांनी फारशी मोलाची मानलीच नाही, असं आमचं मत आहे.

त्या पोटातलं कापड कुठलं? कोकणातले कितीतरी पुरुष परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुढे अनेकांना गाव गाठावं लागलं. गिरणीतल्या पाळीची निदान हजेरी लागत होती. ओटीवरच्या शिवणाऱ्या दुपारींची कोणी लावली?

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या, त्या शिवणाऱ्यांच्या नावांसकट. 2007 मध्ये त्यांतल्या काही जणी पैशाच्या हिशोबावरून कोर्टातही गेल्या. नाव लागलेलं होतं, म्हणून हिशोब मागता आला. आपल्याकडे गोधडीखालच्या चिठ्ठीवर बहुधा 'कोकण, सुती' एवढंच असतं. कोर्टात जायचं तर कोणी जायचं, कोकणाने?