नकाशा जाळ्याचा, की मोजणाऱ्याच्या जागेचा?

इंटरनेटवरच्या लोकप्रिय पुस्तकांत आणि व्याख्यानांत एक विधान हमखास आढळते. हे जाळे किरकोळ बिघाडांना दाद देत नाही, पण त्यातली मोजकी मोठी केंद्रे हेरून निकामी केली तर ते कोसळेल, असे ते विधान. विद्यार्थ्यांना ते चटकन पटते. ते ज्या मोजमापांवर उभे आहे त्यांची तपासणी मात्र वर्गात क्वचितच होते. ती येथे करू.

१९९९ मध्ये मिखालिस, पेट्रोस आणि ख्रिस्तोस फालुत्सोस या तीन भावांनी एक शोधनिबंध सादर केला. जाळ्यातल्या प्रत्येक बिंदूला किती जोडण्या आहेत, हे त्यांनी उपलब्ध नोंदींवरून मोजले. बहुतेक बिंदूंना एक-दोनच जोडण्या होत्या, थोड्यांना मात्र प्रचंड. लॉगरिदमच्या आलेखावर हे मांडले की जवळजवळ सरळ रेषा मिळे. पाठोपाठ २००० मध्ये अल्बर्ट, जॉंग आणि बाराबासी यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात, अशा जाळ्याची मोठी केंद्रे हाच त्याचा मर्मबिंदू, असा निष्कर्ष मांडला. त्याआधी अभियंते यदृच्छ जोडणीची काल्पनिक जाळी गृहीत धरून गणिते करत. प्रत्यक्ष नोंदींकडे वळणे हे या संशोधनाचे मोठे श्रेय आहे, आणि ते आधीच मान्य करायला हवे.

आता या नोंदी कशा मिळाल्या ते पाहू. राउटरांच्या पातळीवरचा नकाशा ‘ट्रेसराउट’ या साधनातून आला होता. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाला की राउटर ते पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. म्हणून आकडा १, मग २, मग ३ असा वाढवत पाकिटे सोडली की वाटेतल्या राउटरांची यादी हाती येते. व्हॅन जेकबसन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे साधन लिहिले ते वाट कोठे तुटली हे शोधण्यासाठी. दोष शोधण्याच्या साधनाने पुढे लोक भूमापन करू लागले. अडचण येथे सुरू होते.

धुळे जिल्ह्यातले सोनगीर घ्या. समजा, खानदेशच्या रस्त्यांचा नकाशा आपल्याजवळ नाही. आपण सोनगीरच्या फाट्यावरून चहूकडे माणसे पाठवतो आणि प्रत्येकाने वाटेतली गावे क्रमाने लिहून आणायची, असे ठरवतो. शिरपूरला जाणारा मुंबई-आग्रा महामार्गाने नरडाण्यावरून जाईल. शहाद्याला जाणारा दोंडाईचामार्गे जाईल. साऱ्या याद्या जोडल्या की नकाशा तयार होईल, पण त्यात शिरपूर-शहादा हा रस्ता दिसणारच नाही, कारण सोनगीरहून निघालेल्या कोणालाही त्यावरून जाण्याचे कारण नाही. सोनगीर मात्र साऱ्या खानदेशचे केंद्र ठरेल. हा गुण सोनगीरचा नसून आपण तेथे उभे होतो याचा आहे.

लखिना, बायर्स, क्रोव्हेला आणि शी यांनी २००३ मध्ये हेच गणकावर करून दाखवले. त्यांनी मुद्दाम यदृच्छ जोडणीचे, मोठी केंद्रे नसलेले जाळे घेतले. थोड्या ठिकाणांहून पुष्कळ ठिकाणांकडे वाटा शोधल्या, तेव्हा मिळालेला अर्धवट नकाशा फालुत्सोस बंधूंच्या आलेखासारखाच दिसू लागला.

आणखी दोन दोष आहेत. एका राउटरला अनेक पत्ते असतात. ट्रेसराउटला त्यातला एक दिसतो, म्हणून एकच राउटर नकाशावर तीन-चार बिंदू होऊन बसतो. उलट काही कंपन्यांच्या जाळ्यांतली आतली यंत्रे ट्रेसराउटला दिसतच नाहीत, आणि ते सारे जाळे अनेक हातांच्या एका राक्षसी राउटरसारखे भासते.

विलिंजर, ऑल्डरसन आणि डॉयल यांनी २००९ मध्ये या साऱ्याची झाडाझडती घेतली. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा अभियांत्रिकीचा आहे. राउटरची क्षमता मर्यादित असते. तो थोड्या जोडण्या फार वेगाने सांभाळेल किंवा पुष्कळ जोडण्या हळू सांभाळेल. म्हणून पुष्कळ जोडण्यांचे राउटर ग्राहकांच्या जवळ, जाळ्याच्या काठावर असतात. ते बंद पडले तर तेवढ्याच भागाची गैरसोय होते. शिरपूरच्या अलीकडच्या तापीवरील पुलाला टोके दोनच, पण तो बंद झाला तर महामार्गाची वाहतूक अडते. जोडण्यांची संख्या आणि महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘नेचर’मधल्या नकाशाबद्दल वेगळा आक्षेप आहे. त्यात एक बिंदू म्हणजे एक यंत्र नसून एका संस्थेचे, अनेक शहरांत पसरलेले सबंध जाळे होते. असा बिंदू खोडरबराने पुसता येतो, प्रत्यक्षात एका घावात तोडता येत नाही.

खरा नाजूकपणा कोठे असतो हे ३० जानेवारी २००८ रोजी दिसले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली तुटल्या. दोन्ही मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या होत्या. भारताचा इंटरनेट बराच मंदावला. जोडण्यांच्या आलेखात केबल हा बिंदूच नसतो, त्यामुळे हा धोका त्यात दिसत नाही.

मग मूळ संशोधक चुकले का? जोडण्यांची वाटणी अत्यंत विषम आहे, हे निरीक्षण टाकाऊ नाही. शिवाय राउटरांच्या नोंदी गोळा करणारे पान्सिओ आणि ग्राद यांनी त्यांच्या मर्यादा स्वतःच लिहून ठेवल्या होत्या. पुढच्यांनी आकडे उचलले आणि तळटीपा मागे ठेवल्या, हा माझ्या मते खरा दोष. टीकाकारांचीही एक बाजू लंगडी आहे. कंपन्या आपले पूर्ण नकाशे उघड करत नाहीत, त्यामुळे त्यांचाही युक्तिवाद बराचसा रचनेच्या तर्कावर उभा आहे.

हा प्रश्न दूरचा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘मायस्पीड’ हे ॲप आणले. मोबाइलधारक त्यावर आपल्या इंटरनेटचा वेग मोजून पाठवतात. कल्पना चांगली आहे. परंतु महामार्गावरच्या गावातून आकडे येतील, आणि सातपुड्याच्या ज्या पाड्यावर सिग्नलच नाही तेथून शून्यसुद्धा येणार नाही. मग सरासरी काढताना तो पाडा वजा होतो आणि जिल्हा वेगवान दिसतो. शाळेत ऑनलाइन पाठ ठेवायचे की नाही, हे अशा सरासरीवरून ठरले तर नुकसान त्याच पाड्यावरच्या मुलांचे होते.

वर्गात हा प्रयोग करता येईल. तालुक्याचा नकाशा झाकून ठेवावा. निम्म्या मुलांनी एका गावाहून, उरलेल्यांनी चार वेगवेगळ्या गावांहून जवळच्या वाटांच्या याद्या कराव्यात आणि त्यांवरून नकाशे काढावेत. मग मूळ नकाशा उघडावा आणि कोणते रस्ते राहून गेले ते मोजावे. आलेख कितीही सरळ आला तरी ‘हे कोठे उभे राहून मोजले?’ हा प्रश्न आधी विचारायची सवय मुलांना लागली, तर तास सत्कारणी लागला असे समजावे.