न झालेल्या लढती

हॉवर्ड सॅकलरचे ‘द ग्रेट व्हाइट होप’ हे नाटक १९६७ साली वॉशिंग्टनच्या रंगभूमीवर आले आणि १९६९ साली त्याला पुलित्झर पारितोषिक लाभले. हेवीवेट मुष्टियुद्धाचे जगज्जेतेपद मिळवणारा काळा योद्धा जॅक जेफर्सन, त्याला हरवील अशा गोऱ्या वीराचा चाललेला शोध आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या गोऱ्या एलीची आत्महत्या, असे त्याचे कथानक. जेफर्सन म्हणजे जॅक जॉन्सन, हे उघड आहे. जेम्स अर्ल जोन्स या नटाने ही भूमिका रंगभूमीवर आणि पुढे १९७० च्या चित्रपटातही गाजवली. नाटक जोरकस आहे. पण अन्याय झाला तो एवढाच का, असा प्रश्न ते संपल्यावर मनात उरतो.

जॉन्सनच्या आधीही हे दार बंदच होते. पीटर जॅक्सनने १८९१ साली सॅनफ्रान्सिस्को येथे जेम्स कॉर्बेटला एकसष्ट फेऱ्या टक्कर दिली. निकाल लागला नाही. पुढच्याच वर्षी कॉर्बेट जगज्जेता झाला. जॅक्सनला किताबाची लढत कधीच मिळाली नाही. १९०८ साली टॉमी बर्न्स ३०,००० डॉलरच्या बोलीवर सिडनीत जॉन्सनशी लढला, तेव्हा कुठे ते दार उघडले.

आणि उघडल्यावर? नाटकाची मर्यादा मला येथे दिसते. सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्ही या तोलामोलाच्या काळ्या योद्ध्यांना जॉन्सनने आपल्या सुमारे सहा वर्षांच्या राज्यात किताबासाठी समोर येऊ दिले नाही. लँगफर्डला त्याने १९०६ साली हरवले होते, हे खरे. पण तेव्हाचा लँगफर्ड अंगाने हलका होता, पुढे तो भल्याभल्यांना भारी पडू लागला. काळ्याशी लढण्यात धोका अधिक, पैसा कमी. ज्याच्या हाती ससा तो पारधी! १९१३ साली पॅरिसमध्ये जिम जॉन्सनशी झालेली लढत तेवढी अपवाद.

मग हे योद्धे लढले कुणाशी? एकमेकांशीच. जेनेट आणि मॅकव्ही १९०९ साली पॅरिसमध्ये एकोणपन्नास फेऱ्या झुंजले. लँगफर्ड आणि हॅरी विल्स पंधराहून अधिक वेळा भिडले. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता; विल्सशी लढतीचे करार झाले, लढत झाली नाही. १९१५ साली हवानात जॉन्सन हरला, त्यानंतर १९३७ साली जो लुईला संधी मिळेपर्यंत, बावीस वर्षे, एकाही काळ्या हेवीवेटला किताबासाठी लढता आले नाही.

शिखरावरून कोसळणारा नायक नाटककाराला आयताच सापडतो. शिखराच्या पायथ्याशीच अडवलेल्या माणसाचे काय? लँगफर्डची दृष्टी गेली. १९४४ साली एका पत्रकाराला तो हार्लेममध्ये दारिद्र्यात आढळला, तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी निधी जमवला. १९५६ साली तो वारला. त्याच्या आयुष्यात कोसळण्याचा क्षण नाही; आहे ती केवळ वाट पाहणे. सॅकलरने जॉन्सनला न्याय दिला आहे. लँगफर्डसाठी मात्र वेगळेच नाटक हवे.