एका मास्तराचे चार अवतार

बोलपट पाहून बाहेर पडणाऱ्या रसिकांच्या तोंडी दोन अभिप्राय हटकून असतात. कथा एखाद्या कादंबरीवरून घेतलेली असली, तर ‘मूळ पुस्तकाची सर याला नाही’ हा पहिला. आणि नट पडद्यावर नवा असला, तर ‘पहिल्याच भूमिकेत केवढी कमाल केली!’ हा दुसरा. सहज बोलल्या गोष्टींचा कोणी हिशेब मागू नये, हे खरे. तथापि हीच दोन मापे पुढे टीकालेखांतही शिरतात, आणि मग ती तपासून घेणे प्राप्त होते. आमच्या मते ही दोन्ही मापे अपुरी आहेत. इतकेच नव्हे, तर ज्या दोन गोष्टी ती निरनिराळ्या समजतात त्या मुळात एकमेकींत गुंतलेल्या असतात. कारण नव्या नटाचा प्रवेशच पुष्कळदा रूपांतराची दिशा ठरवितो. ‘पिंजरा’ या बोलपटाची वंशावळ पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल.

या वंशाचा मूळपुरुष जर्मन आहे. हाइन्रिख मान यांची ‘प्रोफेसर उनराट’ ही कादंबरी १९०५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक एका लहान शहरातील शाळामास्तर. त्याचे आडनाव राट. विद्यार्थी त्याचे ‘उनराट’, म्हणजे घाण, असे विडंबन करतात आणि तोही सूडबुद्धीने त्यांचा पाठलाग करतो. अशाच एका पाठलागात तो एका गाणारणीच्या पाशात सापडतो, तिच्याशी लग्न करतो आणि नोकरी गमावून बसतो. परंतु गोष्ट येथे संपत नाही. पुढे त्याचे घर हाच जुगाराचा अड्डा बनतो आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी तेथे येऊन आपली अब्रू आपल्या हाताने घालवितात. मान यांस मास्तराची कीव करावयाची नाही. जुलमी माणूस आणि दांभिक समाज हे एकाच नाण्याचे दोन छाप आहेत, हे त्यांस दाखवावयाचे आहे.

१९३० साली जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी याच कथेवर ‘द ब्लू एंजल’ काढला, तो कादंबरीचा उत्तरार्ध टाकूनच. जुगाराचा अड्डा गेला, गावाची नाचक्की गेली. उरला तो एकट्या मास्तराचा अधःपात. लग्नाच्या मेजवानीत हर्षभराने कोंबड्यासारखा आरवणारा हा गृहस्थ पुढे आपल्याच गावच्या रंगभूमीवर, आपल्याच ओळखीच्या लोकांसमोर, विदूषकाच्या वेषात तसाच आरवतो. तो आवाज ज्याने एकवार ऐकला त्याच्या कानांतून तो जाणे कठीण. शेवटी रात्रीच्या अंधारात तो आपल्या जुन्या वर्गात शिरतो आणि मेज घट्ट धरून प्राण सोडतो. उपरोधाच्या जागी येथे करुणरस आला. निष्ठेच्या मापाने पाहिले, तर हा मूळ लेखकाचा उघड द्रोह होय. पण या द्रोहावाचून त्या दोन आरवण्यांमधील अंतर, आणि त्यात सामावलेले सगळे आयुष्य, आपणास कोठून दिसले असते?

व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजऱ्या’त (१९७२) कथा आणखी दूर सरकते. येथला मास्तर विद्यार्थ्यांचा वैरी नव्हे. तो गावाचे दैवत आहे. गाव आदर्श करावयाचे म्हणून तो तमाशाच्या फडास विरोध करतो. दुखावलेली चंद्रकला त्याला त्याच फडात आणून उभा करण्याचा चंग बांधते, आणि तो पुरा करते. पुढे एका खुनाच्या प्रकरणात मास्तरच मेले, असा गावाचा समज होतो आणि गाव त्यांची स्मृती पूजू लागते. अखेरीस तमाशाबरोबर हिंडणारा हा माणूस मास्तरांचा, म्हणजे स्वतःचाच, खुनी म्हणून पकडला जातो. आणि गावाने जपलेला आदर्श मोडू नये म्हणून ती शिक्षा मुकाट्याने पत्करतो. ही कल्पना कादंबरीत नाही आणि जर्मन बोलपटातही नाही. गावकुसातला गुरुजी आणि गावकुसाबाहेरचा फड यांतील अंतर ज्या समाजास ठाऊक आहे, तेथेच ती सुचावी.

आता नव्या नटांचा विचार करू. ‘द ब्लू एंजल’मधील एमिल यानिंग्स हे त्या काळचे नटश्रेष्ठ होते, अमेरिकेतील अकादमीचे नटासाठीचे पहिलेच पारितोषिक १९२९ साली त्यांस मिळाले होते. बोलपट त्यांच्यासाठी होता. पण लक्षात राहिली ती मार्लेन डीट्रिख. ती काही कालची पोर नव्हती. बर्लिनच्या रंगभूमीवर आणि अनेक मूकपटांत तिने कामे केली होती. तथापि प्रेक्षकांच्या मनात तिची प्रतिमा ठसलेली नव्हती. ती लोला पुढे काय करील याचा अंदाज कोणासच नव्हता. आणि म्हणून यानिंग्सचा मास्तर जेव्हा तिच्याकडे पाहतो, तेव्हा प्रेक्षकही त्याच्याच अज्ञानाने तिच्याकडे पाहतात. बोलपटाचा तोल स्त्रीकडे झुकला तो येथे.

‘पिंजऱ्या’त याच्या नेमके उलट घडले. ‘अमर भूपाळी’पासून (१९५१) संध्याबाई पडद्यावर परिचित होत्या, त्यांचे नृत्य काय करील हे प्रेक्षक जाणून होते. नवखे होते ते डॉ. श्रीराम लागू. नवखे म्हणजे पडद्यापुरते. कान-नाक-घशाचे हे शल्यवैद्य १९६९ पासून पूर्णवेळ रंगभूमीवर आले होते आणि १९७० चा ‘नटसम्राट’ त्यांनी गाजविला होता. चाळिशी उलटलेल्या, रंगभूमीवर तावून सुलाखून निघालेल्या या नटाच्या कामास ‘पहिल्या भूमिकेची कमाल’ म्हणणे म्हणजे बीज विसरून फळाचे कौतुक करणे होय. परंतु बोलपटाच्या प्रेक्षकांस हा चेहरा अनोळखी होता, आणि त्याचा लाभ मोठा झाला. पूर्वार्धातील ताठ मान आणि मोजका शब्द हे नटाचे न वाटता त्या माणसाचेच वाटले. म्हणून उत्तरार्धातील ढासळलेले शरीर पाहणे जड गेले. तोल मास्तराकडे झुकला, आणि लोलाची गोष्ट गुरुजींची गोष्ट झाली.

येथपर्यंत आम्ही ‘पिंजऱ्या’च्या बाजूने बोललो. आता एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. मान यांनी ज्या प्रतिष्ठेचा बुरखा फाडला, तीच प्रतिष्ठा शांताराम यांचा शेवट जिवापाड जपतो. गावाचा सदाचार टिकावा म्हणून एक असत्य फासावर जाते आणि आपण डोळे पुसतो. पण ज्या गावास आपला गुरू माणूस होता एवढेही सत्य पेलत नाही, त्याचा सदाचार किती दिवसांचा? ज्या फडावर सारा दोष ठेवला, तो पाहावयास गर्दी कोणाची होती? हे प्रश्न बोलपट विचारीत नाही. लागूंच्या मुद्रेवरील थकवा आपणास ते विसरावयास लावतो. ही नटाची थोरवी खरी, पण त्या थोरवीच्या आड कथेचा कच्चा दुवा लपतो, हेही खरे.

या प्रश्नांस उत्तर मिळाले ते थोड्याच काळात, आणि योग असा की त्याच नटाकडून. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’त लागू पुन्हा मास्तरच आहेत. पण हा मास्तर दारूने खंगलेला, कोणी न पूजलेला, परगावचा. निळू फुल्यांच्या हिंदुराव पाटलाने भरभराटीस आणलेल्या गावात तो येतो आणि एका बेपत्ता माणसाचा शोध घेऊन तेथील साऱ्या वैभवाखालचे पाप उघडे करतो. पहिल्या मास्तराने गावासाठी सत्य पुरले. दुसऱ्याने गावाची पर्वा न करता ते उकरून काढले. ‘सामना’ हे ‘प्रोफेसर उनराट’चे रूपांतर नव्हे, तरीही प्रतिष्ठितांवरील त्या जुन्या जर्मन उपरोधाशी त्याचे नाते ‘पिंजऱ्या’हून जवळचे आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणून त्या दोन अभिप्रायांत एवढी दुरुस्ती सुचवितो. रूपांतराविषयी ‘मूळाशी इमान राखले काय?’ असे न विचारता ‘मूळ सोडून काय मिळविले आणि त्यासाठी काय गमाविले?’ असे विचारावे. आणि पहिल्या भूमिकेचे मोल ठरविण्यापूर्वी नटाची दुसरी भूमिका पाहावी. ‘पिंजऱ्या’तील मास्तर आम्ही ‘सामना’नंतर पुन्हा पाहिला, तेव्हा त्याच्या त्यागाविषयीचा आदर कमी झाला नाही, मात्र त्याच्या मौनाचा राग प्रथमच आला.