नाताळ, परदेश आणि ‘कास्ट’ : किपलिंगच्या एका कवितेचे वाचन

परदेशी राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा नाताळ हा इंग्रजी वाङ्मयातील एक रुळलेला विषय आहे. मात्र तो परदेश हिंदुस्थान असला की भारतीय वाचकाची जागा अवघड होते. कारण लेखक ज्याला परका मुलूख म्हणतो, ते या वाचकाचे घर असते. रडयार्ड किपलिंगची ‘ख्रिसमस इन इंडिया’ ही कविता १८८६ च्या डिसेंबरात अलाहाबादच्या ‘पायोनिअर’मध्ये प्रसिद्ध झाली. किपलिंग तेव्हा लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये काम करीत होता आणि त्याला एकविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. स्थलांतरितांच्या साहित्याचा विचार करताना या कवितेला घरच्या ओढीची कविता म्हणून सहज जागा मिळते. ती ओढ खोटी आहे असे नाही. पण ती कोणाला वगळून उभी राहिली आहे, हे पाहिल्याखेरीज कवितेचे वाचन पुरे होत नाही, असे मला वाटते.

कवितेत पाच कडवी आहेत. पहाट, चढता दिवस, मध्यान्ह, संध्याकाळ आणि रात्र असे नाताळच्या एका दिवसाचे पाच टप्पे झाऊच्या झाडांआडून उलगडतात. प्रत्येक टप्प्यावर नजर इथल्या दृश्यावर असते आणि मन तिथे असते. तिसऱ्या कडव्यात इथे ऊन डोक्यावर आलेले असताना मायदेशी नाताळची फिकट पहाट उजाडते आहे, असा हिशेब येतो. हा हिशेब घड्याळाला धरून आहे. समुद्राखालच्या तारेने १८७० मध्ये मुंबई इंग्लंडशी जोडली गेली होती, आणि वृत्तपत्राच्या कचेरीत बसणाऱ्या कवीला दोन ठिकाणच्या वेळांची ही जोडी रोजच्या सवयीची असणार. पुढच्या कडव्यात मात्र सूर्य ‘घरा’वर मावळतो. इथे सूर्यास्त होतो तेव्हा इंग्लंडात दुपार असते. म्हणजे कवीने आता घड्याळ सोडून डोळा धरला आहे. पश्चिम ही दिशाच त्याच्यासाठी घर झाली आहे. वेळेच्या नेमक्या भानाकडून दिशेच्या आंधळ्या ओढीकडे झालेली ही सरक कवितेतील सर्वांत अस्सल गोष्ट आहे. याच भागात घरच्या विरहासाठी कवी ‘हाइमवेह’ हा जर्मन शब्द योजतो. इंग्लंडची आठवण सांगायला त्याला इंग्रजी शब्द पुरला नाही, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

नाताळवरील या कवितेत धर्म कितीसा आहे? बाळ येशू नाही, मेंढपाळ नाहीत, देवळाची घंटा नाही. मायदेशीच्या सणाची खूण म्हणून येतात ती मिसलटो आणि हॉली यांची पांढरी-तांबडी फळे. ख्रिस्ती उपासना प्रत्यक्ष येते ती दुसऱ्या कडव्यात, आणि तीही एका प्रेतयात्रेच्या शेजारी. शेतवाटेने घाटाकडे चाललेले लोक रामाचे नाव घेतात; राम कदाचित ऐकेलही, असे निवेदक म्हणतो. त्याला लागूनच आपण आपली भजनपुस्तके घेऊन दुसऱ्या वेदीकडे मागणे मागतो, असे तो सांगतो. ‘दुसऱ्या’ या शब्दाने दोन्ही वेदी एका पातळीवर येतात, आणि रामाविषयीची शंका आपल्याही प्रार्थनेला चाटून जाते. आनंदाची जी हाक तिथे ऐकू येते, ती जे. एम. नील याच्या १८५३ च्या नाताळगीताचा मुखडा आहे. आणि ते गीतही एका मध्ययुगीन लॅटिन-जर्मन गीतावरून घेतलेले. म्हणजे हर्षाचे शब्दही उसने, आणि ते ओठांवर येतात ते प्रेत डोळ्यांपुढून जात असताना.

श्रद्धेची ही रिकामी जागा शेवटच्या कडव्यात भरते ती ‘कास्ट’ या शब्दाने. मंदिरातले शंख कर्कश वाजत असताना निवेदक सोबत्याला सण साजरा करायला बोलावतो, आणि हा आनंद आपल्या जातीच्या रिवाजाप्रमाणे करायचा, असे सुचवतो. यात उपरोध आहेच. पण सण पाळण्याचे दुसरे कारण कवितेत कुठेही दिलेले नाही, हेही खरे. आता याच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती व्यक्ती ठेवून पाहावी. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि किपलिंगची कविता छापली गेली त्या नाताळात त्या अमेरिकेत होत्या. इंग्लंडातील वास्तव्यात सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला (तो १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला), त्यात अंडी, पुडिंग असल्या खाण्याच्या गोष्टींवरूनही वाद आहे. पूर्वजांचे जे आचार ख्रिस्तश्रद्धेच्या आड येत नाहीत ते आपण पाळणार, ही रमाबाईंची भूमिका. त्यात सिस्टरना जातीचा अभिमान दिसला. परदेशी असलेल्या हिंदी ख्रिस्ती स्त्रीने घरचा आचार जपला तर तो जातीचा ताठा, आणि परदेशी असलेल्या इंग्रजाने जपला तर तो नाताळ! किपलिंगच्या त्या एका शब्दाने हा पडदा नकळत दूर केला आहे. जाता जाता, इंग्रजीतला ‘कास्ट’ आणि मराठीतला ‘नाताळ’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले आहेत.

पोर्तुगिजांचे नाव निघाले की कवितेतील मोठी उणीव ध्यानात येते. तिच्यात हिंदी ख्रिस्ती माणूस नाही. पहिल्या कडव्यात गावातल्या बायका पहाटे दळत आहेत. जात्यामागून ओवी येणार, अशी मराठी वाचकाची अपेक्षा असते, पण निवेदकाला गाणे ऐकू येत नाही. फादर स्टीफन्स हाही इंग्रजच होता. तो १५७९ मध्ये गोव्यास आला, चाळीस वर्षे राहिला, तिथेच वारला. आणि त्याने १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्तजन्माची कथा ओवीछंदात मराठीत सांगितली. या उदाहरणाने भारावून जाण्याचे कारण नाही: साष्टीतील ज्या नवख्रिस्तींसाठी हे पुराण रचले, त्यांची जुनी मंदिरे आणि जुनी पुराणे सत्तेच्या बळावर गेली होती. तरीही किपलिंगच्या कवितेआधी २७० वर्षे ख्रिस्तजन्म या भूमीच्या एका भाषेत सांगून झाला होता, हे उरतेच. एवढे मागे जायचे नसेल तर फॅनी पार्क्सचे १८५० चे प्रवासवर्णन पाहावे. त्यात ‘बड्या दिना’ला नोकरचाकर दाराला हारतुरे बांधतात, फळे आणि मिठाईची ताटे आणतात आणि बक्षिसी मागतात. तो देवघेवीचा सण आहे, विषम का होईना. किपलिंगच्या निवेदकाच्या दारी कोणी येत नाही. तो परागंदा वाटावा यासाठी दार मोकळे ठेवणे भाग होते.

चरित्राचा आधार जपून घ्यावा लागतो. पण इथे तो टाळताही येत नाही. किपलिंग मुंबईत जन्मला, आणि १८८६ साली लाहोरात आई, वडील व बहीण यांच्यासह राहत होता. ‘घर’ म्हणून ज्या इंग्लंडकडे कविता पाहते, तिथे साउथसी येथे परक्यांच्या घरी त्याच्या बालपणाची सहा वर्षे अतोनात दुःखात गेली होती. चौथ्या कडव्यात भारत ही फाटक्या वस्त्रांतली कठोर सावत्र आई होते, आणि तिच्या मंदिरात पाऊल टाकले की मागचे दार बंद होते. मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘समथिंग ऑफ मायसेल्फ’ या आत्मवृत्तात हेच मंदिर निराळे दिसते. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला मुंबईतल्या लहान देवळांत नेई. जातीचे बंधन लागू होण्याचे वय अजून आलेले नसल्याने तो मीताचा हात धरून आत जाई. आणि त्याची आया, पोर्तुगीज रोमन कॅथलिक बाई, रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करी, तेव्हा लहानगा किपलिंग तिच्या शेजारी उभा असे.