पायथनचे आवृत्त्यंतर आणि मराठी सामग्री

चालत्या गाडीला खीळ घालू नये, हा दंडक संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांतही फार मानला जातो. पायथन या भाषेची ३.० ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या २.७ चा आधार २०१५ मध्ये संपावयाचा होता. तो पुढे २०२० पर्यंत वाढविण्यात आला. या अवधीत ‘हाताशी असलेली साधने नव्या आवृत्तीत येईपर्यंत थांबावे’ हे मत पुष्कळांनी प्रमाण मानले. इंग्रजी पाठावर काम करणाऱ्यास ते सोयीचे होते. भाषाभ्यासकांच्या एनएलटीके या संचाची पायथन ३ वर चालणारी आवृत्तीही २०१४ मध्ये आली. परंतु मराठीच्या अभ्यासकाने तेच मत जसेच्या तसे उचलावे, हे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

पायथन २ मधील साधी अक्षरमालिका ही वस्तुतः बाइटांची मालिका असे. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाची लांबी तेथे १५ भरे. पायथन ३ मध्ये ती ५ भरते: म, र, काना, ठ आणि वेलांटी. इंग्रजीत बाइट आणि अक्षर यांची संख्या एकच येत असल्याने तेथे हा दोष दिसतच नव्हता. पाठाच्या आधी ‘यू’ लावून यूनिकोड मागण्याची सोय जुन्या आवृत्तीत होती, हे खरे. पण ती विसरणाऱ्यास यंत्र बहुधा टोकत नसे. (हाच ‘यू’ ३.० मधून काढून टाकण्यात आला आणि २०१२ मध्ये ३.३ त परत घेण्यात आला. सुधारकांचा उत्साहही तपासून घ्यावा लागतो.)

तथापि आवृत्ती बदलली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. ‘मराठी’ या शब्दात वाचक तीन अक्षरे मोजतो, पाच नव्हे. शिवाय पायथन ३ मधील रेग्युलर एक्स्प्रेशनचे शब्दघटक ओळखणारे चिन्ह काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानीत नाही. त्याच्या आधारे शब्द वेगळे केल्यास ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात, आणि शब्दवारंवारितेच्या यादीत तेच मराठीचे शब्द म्हणून मिरवतात.

आज्ञावली अडून बसली तर दोष निदान कळतो. न अडता निराळे उत्तर देते तेव्हा खरा धोका. पायथन २ मध्ये ३ या पूर्णांकास ७ ने भागले असता शून्य येई, पायथन ३ मध्ये ०.४२८ च्या पुढील अपूर्णांक येतो. सापेक्ष वारंवारितेचे कोष्टक याच भागाकारावर उभे असते. म्हणून प्रबंधाचे काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलणे इष्ट नव्हे. बदलणे अटळच झाले, तर सामग्रीच्या एका निवडक भागावर दोन्ही आवृत्त्यांची उत्तरे ताडून पाहावीत, आणि फरक आढळल्यास तो प्रबंधातच नोंदवावा. आवृत्तीचा अंकही न देणाऱ्या प्रबंधात शब्दाची सरासरी लांबी १५ दाखविली असेल, तर ती चिन्हांची की बाइटांची, हे परीक्षकाने विचारावयास हवे.