खडखडाटाला चाल लावताना

संगीतातलं मला काय कळतं, हा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून विचारला जातो आणि त्याचं उत्तरही विचारणारेच देऊन टाकतात. त्यामुळे परवा भाच्याने, "मामा, जरा ऐकून सांगता का?" असं म्हटलं तेव्हा मला भरूनच आलं.

प्रकरण असं होतं. परदेशातल्या कुठल्याशा संगीतशाळेच्या प्रवेशासाठी त्याला चित्रपटातल्या एका प्रसंगाला नवं संगीत द्यायचं होतं. "हे जमलं नाही तर मुकाट्याने बँकेच्या परीक्षेला बस," असा निर्वाणीचा खलिता ताईच्या यजमानांनी देऊन ठेवला होता. आणि पठ्ठ्याने प्रसंग निवडला तो तारकोव्हस्कीच्या १९७९ सालच्या 'स्टॉकर'मधला!

हा विज्ञानपट आहे, असं सांगतात म्हणून विश्वास ठेवायचा. त्यात यान नाही, यंत्रमानव नाही, हिरव्या कातडीचा पाहुणा नाही. एक वाटाड्या, एक लेखक आणि एक प्राध्यापक रुळांवरच्या छोट्या ट्रॉलीत बसून 'झोन' नावाच्या निषिद्ध मुलखात जातात. जवळजवळ चार मिनिटं आपण त्यांची डोकी पाहतो. तपकिरी डोकी आणि चाकांचा खडखडाट. कर्जत लोकलमध्ये अशी डोकी मी तीस वर्षं पाहिली, पण मला कुणी कलावंत म्हटलं नाही.

भाच्याने या चार मिनिटांत व्हायोलिनं घातली होती, ढोल घातले होते, शिवाय एक बाई लांबून आलाप घेत होती. लेखकाने मान वळवली की ढुम्म! ऐकायला छान होतं, खोटं कशाला बोलू? पण अर्ध्या मिनिटातच मला कळून चुकलं की पुढे काहीतरी भयंकर आहे, आणि मग मी डोकी पाहायचंच सोडून दिलं. माझ्या वतीने संगीत घाबरत होतं. मी कशाला त्रास घेऊ?

मग त्याने मूळ प्रसंग लावला. संगीतकार एदुआर्द आर्तेम्येव. आधी नुसती चाकं, खडक्-खडक्. मग कधीतरी त्या ठोक्यांना घुमारा येतो, शेपूट फुटतं, सिंथेसायझरचे सूर त्यात मिसळतात. चाक कुठे संपलं आणि संगीत कुठे सुरू झालं? मी तीनदा बोट वर करून "इथे!" म्हणालो, तिन्ही वेळा वेगळ्याच जागी. शेवटी एकदम रंग, हिरवागार मुलूख, आणि चिडीचूप.

तरुणपणी आमच्या हौशी नाट्यमंडळात मी पेटीवर पार्श्वसंगीत द्यायचो. बापाच्या मृत्यूची तार येते तिथे माझा करुण सूर ठरलेला. एका प्रयोगात मी विंगेत बटाटेवडा खात राहिलो आणि सूर राहूनच गेला. सगळं नाट्यगृह स्तब्ध. तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. दिग्दर्शकाने मात्र मला यथेच्छ झापलं आणि पुढच्या प्रयोगापासून तो सूर दोनदा वाजवायला लावला.

हे सांगितल्यावर भाच्याचा चेहरा पडला. "म्हणजे तीन आठवडे फुकट?" 'हो' म्हणणं जिवावर आलं, पण म्हणालो. "आणि मूळ संगीताची नक्कल केली तर मला प्रवेश कोण देईल, मामा?" तेही खरंच. गाडी आर्तेम्येवची नको आणि ढोलही नकोत, म्हणजे राहिलं काय? बटाटेवडा! दोघंही गप्प बसलो.

आठ दिवसांनी त्याने पुन्हा बोलावलं. या वेळी आधी चाकं, मग त्यांच्यात दुसरा कसला तरी ठोका, बारीक, घाईचा, मध्येच अडखळणारा. खाली एक खर्ज, आहे-नाही असा. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "अरे, माझ्या शिवणाच्या मशीनवर कोण बसलंय?"

"कधीपासून ऐकू येतंय तुला?" भाचा उडी मारून उठला.

ताई पिठाचे हात घेऊन दारात आली. "आत्ताच की... नाही रे, मघापासूनच असेल!"

भाच्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.