गुसाडी एकटा नाचत नाही

फासे टाकून खेळायच्या काल्पनिक साहसांच्या खेळात सगळ्यात आधी ठरते ते हे की तुम्ही कोण. लढवय्या, मांत्रिक, पुजारी की चोर? या उत्तराला खेळाडू ‘क्लास’ म्हणतात. क्लास रचणे ही एक कला आहे आणि तिला आता पन्नास वर्षे झाली. या काळात क्लासची संख्या वाढत गेली, नियमपुस्तके जाड झाली. तरीही टेबलावर बसलेली चार पात्रे दोन तासांनी एकमेकांसारखीच वागू लागतात, ही तक्रार काही संपत नाही. रचनाकार वेगळेपण शोधतात ते ‘हा काय करू शकतो’ या यादीत. ‘हा कोणावाचून अडतो आणि याच्यावाचून कोण अडते’ हे विचारायचे बहुतेकदा राहून जाते.

सुरुवातीला असे नव्हते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, मांत्रिक आणि पुजारी. यातल्या पुजाऱ्याची जन्मकथा बोलकी आहे. आर्नसनच्या ब्लॅकमूर मोहिमेत एका खेळाडूचे रक्तपिपासू पिशाच्च फार बलाढ्य झाले आणि त्याला आवर घालणारा कोणीतरी हवा होता, म्हणून हा क्लास आला असे सांगतात. त्याच्या हातात मृतांना पळवून लावण्याची शक्ती होती आणि डोक्यावर एक बंधन होते, धारदार शस्त्र उचलायचे नाही. गरज दुसऱ्याची आणि मर्यादा स्वतःची, या दोन गोष्टींतून पात्र उभे राहिले. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर आला आणि त्याच्याबरोबर एक दुखणेही आले. कुलूप उघडणे, भिंत चढणे ही कामे चोराच्या नावावर लागताच बाकीच्यांना ती जमणार नाहीत असे सगळे धरून चालू लागले. सगळ्यांच्या हातचे काढून एकाला दिले की तो वेगळा दिसतो खरा, पण त्याने खेळ गरीब होतो.

पुढची मजल थोडक्यात सांगता येईल. २००८च्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक क्लासला लढाईतली चारपैकी एक भूमिका नेमून दिली. कागदावर हिशेब चोख होता, पण सगळ्यांच्या शक्ती एकाच साच्यात लिहिल्यामुळे तलवार आणि मंत्र हातात सारखेच लागू लागले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत बारा क्लास आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या वाटेने मंत्र मिळतात. घटकाभर विसावा घेतला की जखमाही आपल्या आपण भरतात. हा खेळ शिकायला सोपा आहे, त्याने लाखो नवे खेळाडू आणले, आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण त्यात कोणाचे कोणावाचून अडत नाही. मला आशा वाटते ती व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१०च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’कडे पाहून. तिथे पात्र तयार करतानाच शेजारच्या खेळाडूशी तुमचे काय नाते आहे ते विचारले जाते.

नात्यांतून भूमिका घडवण्याची मला माहीत असलेली सर्वांत पक्की रीत आदिलाबादची आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, पण पैनगंगेपासून गोदावरीपर्यंतचा राजगोंडांचा हा मुलूख सांस्कृतिकदृष्ट्या एकच आहे. दिवाळीच्या सुमाराला तिथे गावोगाव दंडारी निघते. (चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘दंडार’ म्हटले की झाडीपट्टीचे लोकनाट्य डोळ्यांपुढे येते. इथली दंडारी हे देवकार्य आहे.) मोरपिसांचा मोठा टोप, त्यावर शिंगे, अंगाला राख, खोटी दाढी, खांद्यावर कातडे, हातात दंड, पायात घुंगरू, असा या दंडारीतला गुसाडी आपण चित्रांत पाहिलेला असतो. मार्लवाईच्या कनक राजूंना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तो देशभर पोचला. २०२४ मध्ये ते गेले.

पण खेळ रचणाऱ्याने टोपापाशी थांबू नये. गुसाडी एकटा नाचत नाही. त्याच्याबरोबर टिपऱ्या घेतलेले नाचे असतात, स्त्रीवेष घेतलेले पोरिक असतात, वाजवणारे असतात, गावातली वडीलधारी माणसे असतात. सगळा मेळ दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो आणि ते गाव त्याला जेवू घालते. दंडारी चालू आहे तोवर गुसाडी आंघोळ करत नाही. त्याच्या दंडाचा स्पर्श झाला की दुखणे हटते अशी श्रद्धा आहे. तो लोकांना घाबरवतो आणि हसवतोही. सण संपला, साज उतरला, की तोच माणूस पुन्हा शेतात कामाला लागतो. म्हणजे शक्ती आहे ती व्रतापुरती, मेळासोबतची, दुसऱ्याच्या अंगणातली. असा क्लास कुठल्याही नियमपुस्तकात माझ्या पाहण्यात नाही. तिथे मिळालेली शक्ती पात्राकडे कायमची राहते आणि पातळीगणिक वाढतच जाते.

दुसरे उदाहरण परधानांचे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला भाट गाणे म्हणून सोबत्यांचा हुरूप वाढवतो. परधान गातो तेव्हा त्याच्या आश्रयदात्या गोंड कुळाला आपला इतिहास मिळतो. राजगोंडांच्या चार, पाच, सहा आणि सात देवभावांच्या शाखा आहेत. त्यांच्या उत्पत्तीच्या कथा किकरी या तंतुवाद्याच्या सुरावर सांगायच्या त्या परधानाने. आदिलाबादच्या परधानांच्या घरात मराठी बोलली जाते आणि देवकथा मात्र ते गोंडीत गातात, हे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकातल्या अभ्यासात नोंदवले आहे. मराठी वाचकाने हे आवर्जून लक्षात ठेवावे. आपल्याच भाषेचा माणूस दुसऱ्या समाजाची स्मृती सांभाळतो आहे. कुळाला परधानावाचून पूजा अपुरी, परधानाला कुळावाचून आधार नाही. क्लासची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही.

केस्लापूरच्या नागोबा जत्रेत हीच गोष्ट घरापर्यंत उतरते. गोंडांच्या मेस्राम कुळाची माणसे गोदावरीचे पाणी आणायला पायी जातात, नव्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. इथे ‘सून’ हीसुद्धा एक भूमिका आहे.

इथे एक धोका आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१च्या सोप्या आवृत्तीत बुटका आणि एल्फ हेच क्लास होते. एल्फ जन्माला आलात की तुमचे काम ठरलेच. नाते जन्माला बांधले की काय होते ते आपण बलुतेदारीत पाहिले आहे. एकमेकांवाचून अडणे तिथेही होते, पण कोणी कशासाठी अडायचे हे जातीने ठरवले होते आणि नकार द्यायची सोय नव्हती. परधान-गोंड संबंधही वंशपरंपरेचा आहे. म्हणून त्यातले परस्परावलंबन घ्यावे, जन्माची अट टाकून द्यावी. याबाबतीत गुसाडी अधिक उपयोगी, कारण ती भूमिका अंगावर घ्यायची आणि उतरवायची असते.

दुसरी काळजी श्रद्धेची. ‘भारतीय’ रंग देण्यासाठी लढवय्याचे नाव क्षत्रिय आणि मांत्रिकाचे ऋषी केले की आत जुनेच आकडे राहतात. तसेच मोरपिसांचा टोप घालून ‘गुसाडी’ नावाचा क्लास विकणे मला अमान्य आहे. ज्यांचे दैवत अजून नांदते आहे त्यांच्याशी बोलल्याशिवाय, त्यांचा वाटा ठेवल्याशिवाय त्यांची नावे उचलू नयेत. उचलायची ती रीत.

ती रीत नियमात अशी बसवता येईल. एका क्लासची शक्ती फक्त परक्या गावात चालावी आणि तिथल्या यजमानाने जेवू घातले तरच. दुसऱ्याला स्वतःसाठी फासा टाकायची मुभाच नसावी. तो ज्याची वंशकथा सांगेल त्याचाच फासा बळकट व्हावा. तिसऱ्याचे व्रत मोहिमेच्या शेवटी सुटावे आणि पुढच्या मोहिमेत तो साज टेबलावरच्या दुसऱ्या कोणीतरी घालावा. हिट पॉइंटांचा, म्हणजे पात्र किती मार सोसू शकते याचा, हिशेब त्यानंतर करायला हरकत नाही.